मागून येणाऱ्यासाठी

माणसाने वाहन घेतले की त्याला पुढचे फार दिसू लागते आणि मागचे दिसेनासे होते. हा काही त्याच्या स्वभावाचा दोष नव्हे. वाहनाची घडणच तशी आहे. आसने पुढे तोंड करून, मोठी काच पुढे, झगझगीत दिवे पुढे. मागचे जग पाहण्यासाठी म्हणून तळहाताएवढे दोन-तीन आरसे दिलेले असतात. त्यांपैकी मधल्या आरशाला आपण पहिल्याच दिवशी मण्यांची माळ, देवाची तसबीर आणि कुणी तरी सहलीहून आणलेले माकड लटकावतो, आणि मागच्या जगाचा उरलासुरला तुकडाही झाकून टाकतो.

दसऱ्याला नव्या गाड्या घरी येतात आणि दिवाळीपर्यंत त्यांच्यावर साज चढतो. तेव्हा यंदाच्या दिवाळी अंकात चकलीची भाजणी आणि बिघडलेले अनारसे हे माझे नेहमीचे विषय बाजूला ठेवून मी रबराच्या चार तुकड्यांविषयी लिहिणार आहे. चाकांच्या मागे लोंबणारे, चिखल आणि खडे अडवणारे ते तुकडे आपण सर्वांनी पाहिलेले असतात. दुकानदार त्यांना मडफ्लॅप म्हणतात, ट्रकवाले नुसतेच ‘फ्लॅप’ म्हणतात, आणि आमच्या सौभाग्यवती ‘चाकांचे पदर’ म्हणतात. मला स्वतःला तिसरे नाव अधिक पटते. पदर सावरलेला असला की कुणाच्या लक्षात येत नाही. नसला की सगळ्या आळीला कळते.

आमच्या घरात हा विषय निघाला तो पुतण्यामुळे. गेल्या दसऱ्याला त्याने जीपच्या जातीची एक दांडगी गाडी घेतली. चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचवणारी, डोंगर चढणारी, ओढे ओलांडणारी. कंपनीचे नाव लिहीत नाही. जाहिरातीचे पैसे मला मिळत नाहीत. पण या जातीचा इतिहास मोठा रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकेच्या विलीज कंपनीने सैन्यासाठी जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपले, आणि त्यानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला त्या जोडायला सुरुवात केली. आमच्या लहानपणी जीप म्हटली की तीत मामलेदार बसलेला असायचा, नाही तर जंगल खात्याचा साहेब. ती गावात शिरली की लोक धोतराचा सोगा सावरून बाजूला व्हायचे. आता ती गाडी हौसेची झाली आहे. जंगल खात्याच्या साहेबाला डोंगरात जाणे भाग होते. आमच्या पुतण्याला कोथरूडहून हिंजवडीला कचेरीत जायचे असते. डोंगर तो शनिवारी-रविवारी शोधून काढतो.

गाडी आल्यावर वर्षभर तिच्या अंगावर दागिने चढत होते. टपावर सामानाची लोखंडी जाळी आली. पुढे दिव्यांची एक लांबलचक पट्टी आली. ती लागली की समोरच्या इमारतीतले कबुतरसुद्धा डोळे मिटते. चिखलात रुतल्यावर स्वतःला ओढून काढायचे यंत्र आले. पुढे आडवी लोखंडी दांडीही येणार होती, पण तिथे माझ्या कन्येने त्याला अडवले. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून अशा दांड्यांवर कारवाई करायला सांगितले होते, हे तिने त्याला दाखवून दिले. ती दांडी पादचाऱ्याला घातक ठरते, शिवाय टक्कर झाली तर आतल्या हवेच्या पिशव्या वेळेवर उघडण्याच्या आड येऊ शकते. पुतण्याने दांडीचा नाद सोडला. पण एक गोष्ट माझ्या मनात तेव्हाच येऊन गेली, की या सगळ्या दागिन्यांत मागच्या बाजूला लागणारा एकही नव्हता.

आषाढात एका रविवारी आम्ही सर्व मंडळी पौडच्या पुढे एका नातेवाइकांकडे जेवायला निघालो. वडीलधारी माणसे पुतण्याच्या गाडीत, आणि जागा उरली नाही म्हणून कन्या तिच्या स्कूटरवर मागून. पौडनंतर काही अंतर रस्त्याचे काम चालले होते. डांबर उखडलेले, खडी पसरलेली, खड्ड्यांतून तांबडे पाणी साचलेले. आमची गाडी त्यातून राजेशाही थाटात गेली. आत बसलेल्यांना धक्कासुद्धा लागला नाही. वहिनींनी तर लेकाच्या गाडीचे कौतुकच केले.

कन्या आमच्यामागून दहा मिनिटांनी पोचली. रेनकोट, हेल्मेट, स्कूटर, सगळे गेरूने सारवल्यासारखे. सर्वजण हसले, तीही हसली. पानावर बसताना मात्र ती आईला हळूच म्हणाली, “आई, दोन-तीन सेकंद मला रस्ताच दिसला नाही. हेल्मेटच्या काचेवर सगळा चिखल आला. काच वर करून बाजूला घेतली, तेवढ्यात एक ट्रक हातभर अंतरावरून गेला.”

हे वाक्य आमच्या सौभाग्यवतींनी मला रात्री घरी आल्यावर सांगितले. त्या रात्री मला झोप लागायला उशीर झाला, एवढेच लिहितो.

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला बोलावून सांगितले. तो मनाने वाईट नाही. त्याचा चेहरा उतरला. पण वय तरुण, गाडी नवी, लगेच म्हणाला, “काका, पण तिनं अंतर ठेवून चालवायला हवं होतं ना?”

यावर कन्येने कागद घेतला. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि तिच्या फीचे पैसे वाया जात नाहीत असे वाटण्याचे प्रसंग मला अधूनमधून येतात. तिने वर्तुळ काढले आणि सांगितले ते असे.

चाक रस्त्यावर न घसरता फिरत असते, तेव्हा त्याचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी अगदी स्थिर असतो. तिथे टायरच्या खाचेत एखादा खडा अडकला, की तो टायरबरोबर मागून वर उचलला जातो आणि पकड सुटली की निसटतो. समजा गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि खडा चाकाच्या फेरीचा बारावा हिस्सा वर आल्यावर सुटला. त्या घटकेला त्याचा वर जाण्याचा वेग ताशी ३० किलोमीटर असतो, आणि पुढे जाण्याचा जेमतेम ८. हवेचा विरोध सोडला, तर तो साडेतीन मीटर उंच जातो, म्हणजे एका मजल्याएवढा, आणि जवळजवळ पावणेदोन सेकंद अधांतरी राहतो. तेवढ्यात मागची गाडी ६० च्या वेगाने २८ मीटर पुढे आलेली असते.

“म्हणजे दादा,” ती म्हणाली, “दगड येऊन काचेवर आपटतो असं आपण म्हणतो. तसं नसतं. दगड बिचारा जवळजवळ जागच्या जागी हवेत लटकत असतो. मागचा माणूस ताशी बावन्नच्या वेगानं त्याच्यावर जाऊन आदळतो. अंतर ठेवायलाच हवं, ते मी ठेवते. पण दहा-वीस मीटरच्या अंतरानं हा दगड चुकत नाही. आणि चिखलाचं गणितही हेच. फरक एवढाच, की दगड एक असतो आणि थेंब हजार.”

पुतण्याने तो कागद घडी करून खिशात घातला, आणि त्याच रात्री मोबाइलवरून मडफ्लॅपचा एक जोड मागवला.

चार दिवसांत खोके आले. आत चार काळेभोर, गुळगुळीत फ्लॅप, त्यांवर लाल अक्षरांत कुठलेसे परदेशी नाव, सोबत स्क्रूंची पुडी आणि एक चित्रांचा कागद. फ्लॅप दिसायला सुरेख होते. रविवारी सकाळी पुतण्या ड्रिल घेऊन खाली उतरला. मीही मदतनीस म्हणून उतरलो. म्हणजे स्क्रू हातात धरून उभा राहिलो. आणि आमचे भाग्य असे, की त्याच वेळी तात्या दूध घेऊन परत येत होते.

तात्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. एस. टी. च्या वर्कशॉपमध्ये त्यांची सारी नोकरी गेली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एस. टी. धावली. हे ते अशा आवाजात सांगतात, की ती त्यांनीच ढकलून चालू केली असावी असे वाटते. वास्तविक तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाड्यांनी घाट, धूळ, चिखल, सगळे पाहिलेले आहे, आणि चाकाखालच्या गोष्टीत त्यांचा शब्द आमच्या इमारतीत अखेरचा मानला जातो.

त्यांनी दुधाची पिशवी जिन्यावर ठेवली, एक फ्लॅप उचलला, टायरमागे धरला आणि विचारले, “काय रे बाळ, टायर केवढा?”

पुतण्याने टायरच्या कडेवरचा आकडा वाचला. २५५/६५ आर १८. त्यातला पहिला आकडा रुंदीचा, मिलीमीटरमध्ये. दुसरा म्हणजे कडेची उंची रुंदीच्या शेकडा किती. तिसरा आतल्या रिमचा व्यास, इंचांत. तात्यांनी खिशातली टेप काढून फ्लॅप मोजला. तो २१० मिलीमीटर भरला.

“पंचावन्न इंची छातीला पंचेचाळीसचा सदरा घेऊन आलास,” तात्या म्हणाले. “फ्लॅप टायरपेक्षा दोन्हीकडून थोडा बाहेर हवा. हा टायरच्याही आत राहतो. चिखल कडेनं येईल तो येईलच.”

“पण तात्या, लुक...”

“लुक कुणाला रे? तुला तर आत बसल्यावर तो दिसायचाच नाही.”

दुसरी खोड त्यांनी स्क्रूंत काढली. पुडीत आलेले स्क्रू स्वतःच पत्र्यात आटे पाडत घुसणारे होते. वर्षभर चाकाचा थरथराट आणि चिखलाचे वजन सोसल्यावर असा स्क्रू भोकासकट ढिला होतो. तिसरी खोड जाडीची. फ्लॅप पातळ आणि हलका, म्हणजे वेग वाढला की वाऱ्याने मागे उडणार. मग त्याच्या असण्याचा उपयोग काय? ऐन वेळी जो जागेवर राहत नाही, तो पदर कसला आणि पहारेकरी कसला!

खोके परत गेले. त्याच दुपारी पुतण्या तात्यांना घेऊन नाना पेठेत गेला आणि सहा मिलीमीटर जाडीची, आत कापडाचा थर असलेली रबराची पट्टी कापून घेऊन आला. कापडाचा थर महत्त्वाचा; त्यामुळे बोल्टच्या भोकापाशी रबर फाटत नाही. सोबत ॲल्युमिनियमच्या चार पट्ट्या, गंज न धरणारे बोल्ट, नायलॉनची कडी असलेले नट, मोठे वायसर आणि झिंकच्या प्रायमरची एक डबी. सर्व मिळून दीड हजाराच्या आत. दिव्यांच्या पट्टीला किती पडले होते, ते पुतण्याने त्या दिवशी काढले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

पुढच्या रविवारी, श्रावणातल्या एका उघाडीच्या सकाळी, काम झाले. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ते सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे धुणे. चाकाच्या वरची पोकळी तात्यांनी पाण्याच्या फवाऱ्याने अशी धुऊन घेतली, की आतून निघालेल्या मातीत तुळस लावता आली असती. मग हातब्रेक ओढून, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून त्यांनी आतले प्लास्टिकचे अस्तर तपासले. अस्तर धरून ठेवणारे कंपनीचे स्क्रू जिथे होते, तिथली भोके आधी वापरायची. तयार भोक मिळत असताना पत्र्याला नवे पाडू नये, हा त्यांचा नियम. चौकटीच्या बाहेरच्या कडेला दोन भोके तयार मिळाली. एक नवे पाडावे लागले.

नव्या भोकाच्या वेळी त्यांनी पुतण्याच्या हातातले ड्रिल काढून घेतले आणि आधी पत्र्यामागे हात घालून चाचपले. मागे वायरी असतात, ब्रेकची नळी असते, तेलाची नळी जाते. “पुढून भोक पाडणारा मागचं बघत नाही, आणि मग ब्रेक का लागत नाही म्हणून देवाला विचारतो,” असे ते म्हणाले. मागे मोकळे आहे अशी खात्री झाल्यावर खडूने खूण, खुणेवर पंचाने एक टोला, मग बारीक बिट, मग मोठे. भोकाची कड कानशीने घासून गुळगुळीत केली आणि त्यावर झिंकचा प्रायमर लावून तो पूर्ण वाळू दिला. हे वाळेपर्यंत सर्वांना चहा. उघड्या पत्र्याला पाणी लागले की गंज तिथूनच आत शिरतो आणि रंगाखालून पसरतो. हौसेने लावलेल्या वस्तूने गाडी कुजते ती अशी.

रबर नुसते बोल्टने न आवळता त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी ठेवून तीन बोल्ट बसवले. त्यामुळे ताण एका भोकावर न पडता सगळ्या रुंदीवर वाटला जातो. नट दहा नंबरच्या पान्याने आवळले, पण रबर फुगून बाहेर येईल इतके नाही.

यानंतर उंची. गाडी रिकामी असताना उंची मोजायची नाही, हे मला नवीन होते. तात्यांनी मला, पुतण्याला, कन्येला आणि वरच्या मजल्यावरच्या दोन मुलांना गाडीत बसवले आणि मग जमिनीपासून माप घेतले. फ्लॅपची खालची कड जमिनीपासून वीतभर, पण दोन बोटे कमी. टेपवर २० सेंटिमीटर. टायर आणि फ्लॅप यांत चार बोटांचे अंतर. फ्लॅप याहून वर असला तर उंच उडणारे खडे त्याच्या खालून निसटतात. कन्येने तिथल्या तिथे हिशेब करून सांगितले, की मघाचा बाराव्या हिश्श्यावर सुटणारा खडा फ्लॅपपाशी येईतो २१ सेंटिमीटरवर असेल, म्हणजे बरोबर कडेला अडेल. तात्यांनी तिच्याकडे समाधानाने पाहिले. त्यांची वीत आणि विद्यापीठाचे गणित एका सेंटिमीटरच्या अंतरावर येऊन भेटले होते.

मग याहून खाली का नको? कारण ही गाडी डोंगरात जाते. खडकावरून मागे घेताना लांब फ्लॅप टायर आणि दगड यांच्या मध्ये सापडतो, आणि टायर त्याला खेचून पत्र्यासकट उपटतो. यासाठी रबर लवचीक हवे, आणि फार वाईट वाटेवर शिरण्यापूर्वी फ्लॅप वर दुमडून बांधता यायला हवा. तात्यांनी खालच्या कोपऱ्यात एकेक भोक पाडून साखळीचा आकडा अडकवण्याची सोय केली. डोंगरात पदर खोचायचा, रस्त्यावर आलो की सोडायचा.

शेवटी चाचणी. पुढची चाके डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण वळवून पाहिली. टायर फ्लॅपला घासत नव्हता. मग एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवून, स्प्रिंग दाबली गेल्यावर तेच पुन्हा पाहिले. सरळ उभ्या गाडीत सगळेच ठीक असते. खड्ड्यात गेल्यावर काय होते ते बघावे लागते.

एवढे सगळे डाव्या बाजूचे झाले. उजव्या बाजूला हात घालायच्या आधी तात्या थांबले आणि पुतण्याला म्हणाले, “चल, एक चक्कर मारून येऊ. गाडी मी चालवतो. तू स्कूटर घे.”

कन्येने किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. ती काही बोलली नाही.

आमच्या टेकडीमागे नव्या वसाहतीसाठी आखलेला एक कच्चा रस्ता आहे. रविवारी तिथे चिटपाखरू नसते. त्या दिवशी तो आदल्या रात्रीच्या पावसाने भरलेला होता. तात्यांनी ताशी ३० च्या वर वेग जाऊ दिला नाही. पुतण्या पिवळा रेनकोट आणि हेल्मेट घालून मागून स्कूटरवर. जाताना डाव्या चाकांच्या मागे, येताना उजव्या चाकांच्या मागे. मी रस्त्याच्या तोंडाशी छत्री घेऊन उभा होतो.

जाताना पाहिले तेव्हा त्याच्या रेनकोटवर गुडघ्यापर्यंत थोडे शिंतोडे होते. परत आला तेव्हा पिवळा रंग शोधावा लागत होता. हेल्मेटची काच त्याने वर केलेली होती आणि डोळे बारीक केले होते. त्याने स्कूटर बाजूला लावली, हेल्मेट काढले आणि काही वेळ त्या काचेकडे पाहत राहिला. मला वाटले, तात्यांना हसून काही तरी म्हणेल. तो कन्येकडे वळला आणि म्हणाला, “त्या दिवशी आपण साठनं चाललो होतो, नाही?”

ती म्हणाली, “पन्नास असेल, दादा.”

घरी आल्यावर उजव्या बाजूचे फ्लॅप त्याने एकट्याने बसवले. तात्या नुसते खुर्ची टाकून बघत होते.

फ्लॅप लावले म्हणून मागच्यावर एक थेंबही उडत नाही, असे समजू नये. बारीक तुषार बाजूने येतातच, आणि फार खालून सुटणारे खडे निसटतातच. मोठ्या ट्रकांच्या मागे पावसात जो पांढरा धूर उठतो, तो तर नुसत्या सपाट रबराने पुरता आवरत नाही. म्हणून युरोपात १९९१ साली अवजड वाहनांच्या तुषाररोधक साधनांविषयी एक स्वतंत्र निर्देश काढला गेला. तिकडच्या काही फ्लॅपांच्या आतल्या अंगाला गवतासारखे दाट केस असतात. पाणी त्यांत आदळते, त्याचा जोर मोडतो आणि ते खाली ओघळते. चाकामागच्या रबरासाठी एवढा कागद खर्च करावा असे सरकारांना वाटले, त्याचे कारण त्या पाण्यात मागच्याला रस्ता दिसत नाही हेच.

फ्लॅप लावणाऱ्याचा स्वतःचा फायदा नाही असेही नाही. पुढच्या चाकांनी उडवलेले खडे दाराखालच्या पत्र्यावर आपटून रंगाचे टवके काढतात, ते थांबते. मागच्या दारावर चिखलाचा थर कमी बसतो. पण हे फायदे तात्यांनी सांगितले ते सगळे काम झाल्यावर. मी विचारले, “हे आधी का नाही सांगितलंत? पोरगा लगेच तयार झाला असता.”

तात्या म्हणाले, “म्हणूनच नाही सांगितलं, साहेब.”

मी त्यावर पुष्कळ विचार केला. गाडीच्या दुकानात पाहिले तर शेकडो वस्तू मांडलेल्या असतात. आतल्याला थंड वाटावे, आतल्याला गाणे ऐकू यावे, आतला रुतला तर निघावा, बाहेरच्याने त्याच्याकडे बघावे. या सगळ्या गर्दीत जी वस्तू मुख्यतः मागच्या अनोळखी माणसासाठी आहे ती कोपऱ्यात, धूळ खात लटकलेली असते. ती घेणाऱ्याला कुणी शाबास म्हणत नाही. मागचा माणूस तर आभारही मानत नाही, कारण त्याला काही झालेलेच नसते. तो आपला सुखाने घरी पोचतो आणि जेवायला बसतो. आपल्यामुळे कुणी सुखाने घरी पोचले, हे आपल्याला कधी कळणार नाही; आणि न कळता करायच्या गोष्टी शहरात दिवसेंदिवस अवघड होत चालल्या आहेत. तरी आपण दाराबाहेर आकाशकंदील लावतोच. आत बसलेल्याला तो दिसत नाही. उजेड पडतो तो रस्त्यावरून जाणाऱ्यापुढे.

तेव्हा या दिवाळीत गाडी धुवायला काढाल, तेव्हा एवढे करा. पुढची काच चमकवून झाली की मागे जा आणि खाली वाका. फ्लॅप आहेत का, टायरपेक्षा रुंद आहेत का, जमिनीपासून वितीच्या आत येतात का, ते पाहा. असतील तर प्रत्येक नटाला एकदा पाना लावा. पावसाळ्याच्या थरथराटाने ते ढिले झालेले असतात. आमच्या पुतण्याचे दोन झाले होते. त्याने ते कुणी न सांगता आवळले, आणि मग मधल्या आरशावरचे माकडही काढून ठेवले.